मदत हवी आहे: आईबाबांसाठी कोकणातला सपाट किनारा

नमस्कार मंडळी. आईबाबांना डिसेंबरात चार दिवस समुद्रावर न्यायचंय. दोघंही सत्तरीपुढचे. बाबांना सकाळी तासभर चालल्याशिवाय चैन पडत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर छान चालते, पायऱ्या मात्र नकोत. म्हणजे हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बाद. गुहागर किंवा दिवेआगर मनात आहे.

तळमजल्यावर खोली, कमोड आणि बाथरूममध्ये धरायला दांडा असलेलं घरगुती ठिकाण कुणी स्वतः पाहिलंय का? सुरूच्या बनातून ओल्या, घट्ट वाळूपर्यंत जाताना भुसभुशीत पट्टा किती लागतो? तिथेच आईची काठी रुतते.

दिवेआगर ठरलं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रोने जाऊ. बोटीत वर बसायला जाताना जिने चढावे लागतात का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.