घरातली वीज तपासायला अडीचशेचा पिवळा मीटर घ्यावा का? माझं मत: घेऊ नये

परळकर

भाच्याला यंदा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाला. वर्गातली पोरं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेली आणि सगळ्यांनी तोच तो पिवळा ८३० मल्टीमीटर (व्होल्ट, करंट, ओहम मोजायचं हातातलं यंत्र) घेतला, दोन-अडीचशेला एक. "मामा, मीही घेऊ का?" असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. घरात यावरून बरंच बोलणं झालं, म्हणून कारणं इथे सविस्तर मांडतो.

हा मीटर मागून उघडून बघा. दोन स्क्रू काढले की झाकण निघतं. '१० अँपिअर' आणि 'कॉमन' या दोन भोकांच्या मध्ये जाड तारेची एक कमान सोल्डर केलेली दिसते. मध्ये फ्यूज नाही. पुढच्या बाजूला त्या भोकाशेजारी तसं बारीक अक्षरात छापलेलंही असतं. म्हणजे बॅटरीचा करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच भोकात राहिली आणि तसेच दोन्ही प्रोब (वायरींची टोकदार टोकं) सॉकेटमध्ये घातले, तर फेज आणि न्यूट्रल त्या कमानीतून थेट जोडले जातात. नॉब व्होल्टवर फिरवलेला असला तरी काही उपयोग नाही, कारण ते भोक नॉबच्या आधीच जोडलेलं आहे. हातातल्या प्रोबच्या टोकाशी भडका उडतो.

दुसऱ्या भोकाला, म्हणजे मिलिअँपिअरच्या, काचेचा छोटा फ्यूज असतो. त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते जाणकारांनी सांगावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कमी पैशात घ्यायचा तर सोयी कमी असलेला घ्या, सुरक्षा कमी असलेला नको. ज्या मीटरला अँपिअरचं भोकच नाही तो शिकाऊ पोराच्या हातात सगळ्यात चांगला. फ्लूक कंपनीचा १०१ तसा आहे: करंट मोजत नाही, पण कॅट ३ (मीटर कुठल्या जागी वापरायला सुरक्षित आहे त्याचा वर्ग), ६०० व्होल्टचा आहे. तो महाग वाटला तर मेको, ऋषभ या देशी कंपन्यांचे साधे मीटर बघा. ऋषभच्या रिश मल्टी मालिकेत नॉब फिरवला की नको ती भोकं आतून झाकली जातात, चुकीच्या भोकात पिन जातच नाही.

वायरमन_भांडुप

परळकर साहेब, मत पटलं नाही. राग मानू नका.

आमची पिढी टेस्टर आणि टेस्ट लॅम्पवर शिकली. होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. भांडुप, विक्रोळीच्या जुन्या चाळींत लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज, कुठली वायर कुठून आली याचा पत्ता नाही, अशा ठिकाणी लॅम्प खरं सांगतो. पेटला तर लाइन आहे, नाही पेटला तर नाही. तुमचा महागडा डिजिटल मीटर बंद वायरीवरही साठ, सत्तर, नव्वद व्होल्ट दाखवतो. शेजारून चालू वायर गेली की झालं. नवा पोरगा ते बघून घाबरतो, नाही तर अर्धा दिवस नसलेला फॉल्ट शोधत बसतो.

आणि शिडीवरून मीटर पडतो, साइटवरून गायब होतो. पोराला पहिल्या वर्षी स्वस्तातलाच द्या. मीटर काय करतो यापेक्षा हात काय करतो ते शिकवा. प्रोब कुठल्या भोकात आहे हे न बघता सॉकेटमध्ये घालणारा पोरगा पाच हजारांचा मीटर घेऊनही तेच करणार.

पॅनलवाला

दादा, हात शिकवायलाच हवा. पण पोरगा चुकतो त्या एका वेळी काय होतं, ते मीटर ठरवतो. मी पॅनल मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून आकडे देतो.

परळकरांनी काचेच्या फ्यूजबद्दल विचारलंय. ५ बाय २० मिमीचा साधा काचेचा फ्यूज २५० व्होल्टला साधारण ३५ अँपिअर तोडण्यासाठी बनवलेला असतो. आता तुमच्या घरातली एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) बघा. तिच्यावर एका चौकटीत ६००० किंवा १०००० छापलेलं असतं. शॉर्ट झाल्यावर इतके अँपिअर आले तरी ती सुरक्षितपणे तोडेल, असा त्याचा अर्थ. कंपन्या एवढी तयारी उगाच करत नाहीत. सबस्टेशन जवळ असेल तर इमारतीच्या मीटर रूममध्ये शॉर्टचा करंट हजारांत जातो. तिथे ३५ अँपिअरच तोडू शकणारा फ्यूज वितळतो, पण आत आर्क (विजेची ज्योत) तशीच चालू राहते आणि काच फुटते. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज असतो. तो आर्क विझवतो.

कॅटचं पण लोक चुकीचं धरून बसतात. व्होल्टचा आकडा मोठा म्हणजे मीटर भारी, असं नाही. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं. कॅट ३ म्हणजे डीबी (एमसीबी असलेली वीज वाटणारी पेटी) आणि पक्कं वायरिंग. कॅट ४ म्हणजे वीज इमारतीत शिरते ती जागा. कॅट २, १००० व्होल्ट आणि कॅट ३, ६०० व्होल्ट या दोन्हींची चाचणी ६००० व्होल्टच्या झटक्यानं होते. पण पहिल्यात झटक्याच्या मागे १२ ओहमचा रोध धरतात, दुसऱ्यात २ ओहमचा. म्हणजे एकाला ५०० अँपिअरचा झटका, दुसऱ्याला ३००० चा. डीबीत हात घालायचा असेल तर ६०० वाला कॅट ३ घ्या, १००० वाला कॅट २ नको.

लीडही (प्रोबच्या वायरी) बघा. लीडवर 'कॅट ३' छापलंय आणि मीटर कॅट २ आहे, तर अख्खी जोडी कॅट २ च. डीबीत वापरायच्या प्रोबचं उघडं धातूचं टोक ४ मिमीपेक्षा जास्त नसावं. पिवळ्या मीटरसोबत येतात त्या प्रोबचं टोक चांगलं लांब असतं. एमसीबीच्या टर्मिनलमध्ये ते घसरलं की दोन फेज जोडले जातात.

चाळकरी

हे सगळं खरं असेल, पण खर्चाचा विचार कोणी करत नाहीये. माझा मुलगाही आयटीआयला आहे. लोकलचा पास, पुस्तकं, बूट, टूल किट, आणि आता काही हजारांचा मीटर? आम्ही दोन खोल्यांत राहतो, माझी नोकरी कंत्राटी आहे. ज्याला परवडतं त्याच्यासाठी सुरक्षा आणि ज्याला नाही त्याला पिवळा डबा, असा या धाग्याचा अर्थ निघतो आणि तो मला बोचतो. पोरगा मीटरशिवाय राहिला तर तो टेस्टर तोंडात धरून अंदाजानं काम करायला शिकेल. ते जास्त धोक्याचं नाही का?

सर्किटवेडी

चाळकरी दादांशी सहमत आणि परळकरांशीही, फक्त वेगवेगळ्या कामांसाठी.

मी घरी बारा व्होल्टच्या आतलं काम करते: एलईडी, चार्जर, छोटे बोर्ड. त्याला पिवळा मीटर उत्तम. डीसीला बरोबर दाखवतो, डायोड तपासतो. तो वाईट आहे असं सरसकट म्हणू नका. पण २३० व्होल्टला तो किती बरोबर, ते त्याच्याच माहितीपत्रकात असतं: एसीला १.२ टक्के अधिक १० अंक. मोठ्या रेंजवर एक अंक म्हणजे एक व्होल्ट. गणित केलं तर २३० ला जवळपास १३ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. म्हणजे लाइन २३० असताना मीटर २१७ दाखवू शकतो किंवा २४३, आणि दोन्ही वेळा तो आपल्या शब्दाला धरूनच असतो. फ्रिज जळेल का, व्होल्टेज कमी येतंय का, हे त्यावरून ठरवू नये.

दुसरं, बॅटरी उतरली की हे मीटर जास्त आकडा दाखवतात, कारण आतलं रेफरन्स व्होल्टेज (ज्याच्याशी तुलना करून मीटर आकडा काढतो) खाली येतं. ते आपोआप बंदही होत नाहीत. त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी कायम अर्धी उतरलेलीच असते, आणि ती परत परत घ्यायचा खर्च मीटरच्या किमतीत कोणी धरत नाही.

'ट्रू आरएमएस' (लाट कशीही असली तरी खरा आकडा दाखवणं) या शब्दाला मात्र भुलू नका. दुकानदार पहिला तोच विकतो. शिकाऊ पोराला साध्या लाइनवर त्याचा फरक पडणार नाही. फ्लूक १०१ सुद्धा ट्रू आरएमएस नाही. चौकोनी लाटेचा जुना इन्व्हर्टर मोजायला गेलात तर साधा मीटर ११ टक्के जास्त दाखवेल, तिथे फरक आहे. पैसे कमी असतील तर ते फ्यूज आणि लीडवर खर्च करा, आरएमएसवर नको.

वायरमन_भांडुप

ताई, गणित मान्य. पण मला सांगा, लॅम्पनं कोणाचं काय बिघडलं?

पॅनलवाला

सांगतो. पंधरा वॅटचा बल्ब २३० ला साधारण ६५ मिलिअँपिअर घेतो. फेज आणि अर्थिंगमध्ये लॅम्प लावला की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडते. नव्या इमारतीत अख्ख्या घराची वीज जाते आणि अर्थिंग बरोबर आहे की नाही ते कळतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, जिथे आरसीसीबी नाही आणि अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे, तिथे तुमच्या बल्बमधून फेज त्या अर्थच्या वायरीत जातो आणि तिला जोडलेल्या गीझरच्या बॉडीवर येतो. आत कोणी आंघोळ करत असेल तर? १० मेगाओहमच्या मीटरमधून २३ मायक्रोअँपिअर जातात. त्यानं कोणाला शॉक बसत नाही.

आणि न्यूट्रल तुटल्यावर? टेस्टर फेजवर पेटतोच, न्यूट्रलचं काही सांगत नाही. इमारतीचा मेन न्यूट्रल सुटला की एका घरात बल्ब मंद आणि दुसऱ्यात भगभगीत, टीव्ही-फ्रिज जळतात. तिथे दोन फेजमधले ४०० व्होल्ट तुमच्या लॅम्पवर आले तर बल्ब हातात फुटेल.

वायरमन_भांडुप

दोन बल्ब सिरीजमध्ये लावायचे हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलंय, त्यामुळे ४०० चं भय घालू नका. अर्थिंगचा मुद्दा मात्र बरोबर. फेज-अर्थला मीही आता लॅम्प लावत नाही. पण खोट्या व्होल्टेजचं काय? त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

सर्किटवेडी

त्याचं उत्तर लॅम्पच आहे, दादा, किंवा 'लो झेड' बटण असलेला मीटर. तो मुद्दाम थोडा लोड टाकतो, मग शेजारच्या वायरीतून आलेलं खोटं व्होल्टेज खाली कोसळतं आणि खरं असेल तर जागेवर राहतं. स्वस्त मीटरमध्ये ते बटण सहसा नसतं. म्हणून फेज-न्यूट्रलला तुमचा लॅम्प बॅगेत असू द्या. मीटर आला म्हणून तो फेकायचं कारण नाही.

सोसायटी_मुलुंड

मध्येच विचारतो. पावसाळा सुरू झाला की आमच्या दोन विंगमध्ये रोज आरसीसीबी पडते. मल्टीमीटरनं ओहम मोजले तर सगळं ठीक दिसतं. चांगला मीटर घेतला तर सापडेल का?

पॅनलवाला

नाही. कुठलाही मल्टीमीटर काही व्होल्टवर ओहम मोजतो. ओलसर वायरिंग तेवढ्यावर धडधाकट दिसतं आणि २३० ला गळतं. त्याला ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टवर वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लागतो, तोही सगळी उपकरणं काढून. किंवा लीकेज क्लॅम्प (वायर न तोडता तिच्याभोवती बसवून करंट मोजणारा चिमटा-मीटर): फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायचे, जो फरक येईल तो गळणारा करंट. साधा क्लॅम्प नको, त्याला इतके थोडे मिलिअँपिअर कळत नाहीत. मीटर विकत घेऊ नका, मेगर असलेला परवानाधारक कंत्राटदार बोलवा.

परळकर

चाळकरी दादा, तुमचं बोलणं मनाला लागलं, म्हणून नीट उत्तर देतो. मी महागाचा आग्रह धरत नाही. फ्लूकचं नाव मी सर्वात वर घेतलं, ते भोक नसलेल्या मीटरचं उदाहरण म्हणून. देशी साधा मीटर त्याहून बराच कमी किमतीत येतो. तोही आज जमत नसेल तर पोराला पिवळा द्या, पण १० अँपिअरचं भोक बुजवून टाका.  वरून चिकटपट्टी लावा. मीटर फक्त वर्कशॉपच्या टेबलावर आणि कमी व्होल्टला वापरायचा, डीबी आणि मीटर रूममध्ये संस्थेचा मीटर मागून घ्यायचा. मोटरचा करंट मोजायची वेळ येईल तेव्हा संस्थेत क्लॅम्प मीटर असतोच. वायर न तोडता मोजता येत असताना सिरीजमध्ये मीटर लावायला कोणी पोराला भाग पाडू नये.

वायरमन_भांडुप

इथे माझा विरोध कायम. सिरीजमध्ये करंट मोजता न येणारा इलेक्ट्रिशियन मी कामावर घेणार नाही. क्लॅम्पला कंट्रोल पॅनलमधले बारीक मिलिअँपिअर कळत नाहीत, हे पॅनलवाल्यांनी आत्ताच सांगितलं. पोरानं ते शिकलंच पाहिजे, फक्त आधी टेबलावर, बारा व्होल्टवर.

बाकी चाळकरी दादा, लॅमिंग्टन रोडला एकटा पोरगा पाठवू नका. लोहार चाळीत इलेक्ट्रिकचं सामान घ्यायला मी जातोच, तिथून पुढे येईन. दुकानात काउंटरवरच मीटर लावून बघायचा: आधी त्यांच्या सॉकेटवर, मग त्यांच्याच दुसऱ्या मीटरशेजारी त्याच सॉकेटवर. दोन्हींत पाच व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दुसरा पीस मागायचा. नॉब सगळीकडे फिरवून परत त्याच जागी आणायचा, आकडा बदलला तर आतले कॉन्टॅक्ट ढिले आहेत. प्रोबच्या मुळाशी वायर वाकवून बझर लावायचा, आवाज तुटला तर लीड बदलून घ्यायची. बिल घ्यायचं.

चाळकरी

रविवारी दुकानं बंद असतील ना? शनिवारी दुपारी चालेल का, दादा? मुलालाही बरोबर आणतो.