वाळूच्या जमिनीत हरणांसाठी काय पेरलंत? (अनुभव धागा)

मंडळी, जुलै उजाडला की मला तोच प्रश्न चार ठिकाणांहून येतो. "जमीन घेतली, हरणं येतात, फूड प्लॉट (हरणांसाठी पेरलेली चाऱ्याची पट्टी) करायचाय, पण माती सगळी वाळू आहे. काय पेरू?" म्हणून हा धागा काढला. कोणी धनुष्यबाणाने शिकार करतं, कोणी फक्त खिडकीतून बघतं, दोघांचंही स्वागत. वर आपलं ठिकाण टाका आणि तीन गोष्टी जरूर लिहा: माती कशी आहे, काय पेरलं, आणि दुसऱ्या वर्षी त्यातलं काय उरलं. दुसऱ्या वर्षाचं मुद्दाम विचारतोय, कारण पहिल्या पावसावर वाळूतही सगळं हिरवंगार दिसतं.

सुरुवात माझ्यापासून करतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या लोअर पेनिन्सुलाचा (खालच्या द्वीपकल्पाचा) उत्तर भाग, काल्कास्का नावाची वाळू. १९९० पासून ही मिशिगनची अधिकृत राज्यमाती आहे. खड्डा खणला की वर बोटभर काळा थर, खाली राखेसारखा पांढरट, त्याखाली कॉफीच्या रंगाचा, आणि मग पिवळी वाळू, किती खणाल तितकी. मूठ वळून उघडली की बोटांच्या फटींतून सांडते.

पहिल्या वर्षी मी पिशवीवरचं भरघोस शिंगांचं हरीण बघून पांढऱ्या क्लोव्हरचं (चाऱ्याचं एक द्विदल) बी आणलं. मे महिन्यात उगवण इतकी सुंदर झाली की घरच्यांना मुद्दाम दाखवायला नेलं. जूनच्या शेवटी अडीच आठवडे पाऊस नाही. या क्लोव्हरची मुळं वरच्या चार इंचांतच पसरतात आणि माझ्याकडे ओल कधीच खाली गेलेली. पानं आधी दुमडली, मग कागदासारखी वाजायला लागली. ऑगस्टमध्ये तिथे नॅपवीड या तणाची जांभळी फुलं होती. बियाण्यात खोट नव्हती. हरणांना काय आवडतं हे मी आधी विचारलं, वाळूत काय टिकतं हे विचारलंच नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, थंडी पुरती गेल्यावर, कुट्टू (बकव्हीट). ४-५ आठवड्यांत फुलावर येतो, हरणं पानं खातात, मधमाश्या फुलांवर असतात. ऑगस्टअखेर उभ्या कुट्टूत राय (गव्हासारखं थंडीतलं धान्य) फोकून द्यायचं आणि वरून रोलर फिरवायचा. आडवा पडलेला कुट्टूच आच्छादन होतो. नांगर लावणं मी कायमचं सोडलं, कारण वाळू उलटली की होता नव्हता तो सेंद्रिय कर्ब उन्हात जळून जातो. सात वर्षांनी बोटभर काळ्या थराचा तीन बोटं झालाय.

नियमाचं एक सांगतो. आमच्या लोअर पेनिन्सुलामध्ये ३१ जानेवारी २०१९ पासून हरणांना मका वगैरे ओतून घालायला बंदी आहे, क्रॉनिक वेस्टिंग हा हरणांचा जीवघेणा रोग पसरू नये म्हणून. पेरलेलं उभं पीक चालतं. आपापल्या राज्याचा नियम वाचूनच पुढे जा.

विस्कॉन्सिन, सेंट्रल सँड्स

दादा, अगदी मनातलं लिहिलंत. आमची जमीन हिमयुगातल्या सरोवराचा तळ. शेजारचे बटाट्याचे शेतकरी पाणी फिरवतात म्हणून त्यांचं पिकतं, आमची पट्टी पावसावर.

रायबद्दल नवीन लोकांना कळकळीने सांगायचंय: राय आणि रायग्रास ही दोन वेगळी पिकं आहेत. दुकानात "राय हवंय" म्हटलं तर रायग्रासची पिशवीही हातात पडू शकते. माझ्या हातात पडली, घरी येऊन मी ती पेरली, आणि पुढची तीन वर्षं ते गवत उपटत बसलो. पिशवीवर सिरीयल राय किंवा विंटर राय असंच लिहिलेलं पाहिजे. गव्हाच्या दाण्यापेक्षा जरा लांबट, निळसर-राखाडी झाक असलेला दाणा. एकरी १०० पौंड फोकतो.

राय वाळूत का चालतं? एक तर सामू (pH) ५ च्या आसपास असला तरी तक्रार करत नाही. दुसरं, माती जवळजवळ गोठायला आली तरी उगवतं. तिसरं, तंतुमुळांचं इतकं दाट जाळं करतं की उरलेलं नत्र धुऊन खाली जाण्याआधी धरून ठेवतं. फेब्रुवारीत बर्फ खुराने उकरून हरणं तेच खाताना मी पाहिलंय, त्याच वेळी शेजारच्या पट्टीतले सलगम कुजलेले होते.

न्यू जर्सी, पाइन बॅरन्स

मी एकच सांगेन: आधी माती परीक्षण, मग बी. आमचा सामू ४.६ निघाला. इथे ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी का पिकतात ते त्यावरून कळतं, आणि क्लोव्हर, लसूणघास का पिकत नाही तेही. लसूणघासाला साडेसहा-सातचा सामू लागतो.

वाळूला चुना कमी लागतो, पण टिकतही कमी. चिकणमातीचा हिशेब वाळूला लावून एकदम पोतीच्या पोती ओतू नका. थोडा थोडा, दर दोन वर्षांनी, आणि पेरणीच्या निदान सहा महिने आधी. खताचंही तसंच. नत्र आणि पालाश एका मोठ्या पावसात मुळांखाली निघून जातं, म्हणून दोन-तीन हप्त्यांत द्या. परीक्षणाला लागतात ते पैसे एका बियाण्याच्या पिशवीपेक्षा कमी आहेत.

उत्तर फ्लोरिडा

वरचे सगळे थंडीतले. आमच्याकडे उन्हाळा मारतो. करडी वाळू, दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि त्यात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे. पहिल्या वर्षी पेरलेली द्विदल झाडं पिवळी पडली म्हणून उपटली, तर मुळांवर सगळीकडे गाठी. मला वाटलं नत्राच्या गाठी, द्विदलांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या. नत्राची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज निघते आणि फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटी निघत नाही. माझ्याकडे दुसरी होती.

तेव्हापासून दोनच पिकं. चवळी, तीही आयर्न अँड क्ले नावाची जुनी दक्षिणी जात, कारण ती सूत्रकृमीला दाद देत नाही. आणि दुसरं वाचून तुम्हाला आनंद होईल: ताग. आपला हिरवळीच्या खताचा ताग! इथे सन हेम्प म्हणून विकतात. दोन महिन्यांत डोक्याच्या वर जातो. हरणं कोवळे शेंडे आणि पानं खातात, खाल्लं की बाजूने नवे फुटवे येतात. सूत्रकृमीला तो मानवत नाही, त्यामुळे पुढच्या पिकालाही बिवड चांगला मिळतो. चवळी आणि ताग दोन्हींना एकच, चवळी गटाचं रायझोबियम (तेच नत्र धरणारे जिवाणू) चालतं. बी ओलसर करून त्याला ते चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं.

अडचण एवढीच की उंच झाला की खोड लाकडासारखं होतं आणि हरणं तोंड लावत नाहीत. कापावा तर कधी?

सांगली

मी हरणांसाठी कधी पेरलं नाही, पण तागाचं विचारलंत म्हणून लिहितो. उसाच्या आधी आम्ही ताग करतो, एकरी २०-२५ किलो बी. पेरल्यापासून ४५-५० दिवसांनी, फुलकळी दिसायला लागली की गाडायचा. त्यानंतर एक आठवडा जरी थांबलात तरी खोडाला वाख धरतो, मग ना तो कुजतो ना जनावर खातं. तुम्हाला गाडायचा नाही, खाऊ घालायचाय, तर ४० दिवसांच्या आतच गुडघ्याच्या वर छाटा. अगदी बुडातून छाटला तर फुटत नाही. आणि वापसा (पेरणीजोगी ओल) असताना पेरा, रेतीत तो दोन दिवसच मिळतो.

पश्चिम मिशिगन, सरोवरालगत

आमची पट्टी अर्ध्या एकराची. नवरा शिकार करतो, मी करत नाही. मला मादी आणि पाडसं संध्याकाळी येतात ती बघायची असतात. माझे सासरे अलिबागकडचे. ते आले त्या उन्हाळ्यात आम्ही लॅबलॅब मागवलं होतं. पिशवी उघडून दाणे हातात घेतले आणि म्हणाले, "अगं, हे तर वाल!" खरंच वालच. बिरड्याचाच भाऊबंद. (बी इथलंच विकत घेतलेलं. भारतातून परवानगीशिवाय बी आणता येत नाही, कोणी तसा विचार करू नका.)

ते म्हणाले, वालाला पाऊस लागत नाही, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो, सोटमूळ खाली जाऊन पाणी शोधतं. म्हणून आम्हाला खात्री होती. उगवला, दोन-दोन पानांवर आला, आणि आठवड्यात संपला. दुष्काळाने नाही, हरणांनी. सकाळी बघितलं तर पेन्सिलीच्या टोकाएवढी हिरवी खुंटं, ओळीच्या ओळी.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तारेच्या जाळीचा गोल करून एका कोपऱ्यात उभा केला होता, चार फूट व्यासाचा. त्या गोलाच्या आत वाल कमरेपर्यंत आला, पानं तळहाताएवढी, पहाटे दवाने जड झालेली. बाहेर भुई दिसत होती. तेव्हा कळलं की जमीन आणि बी दोन्ही योग्य होतं, पट्टी लहान पडली. हा गोल प्रत्येकाने ठेवावा असं मला मनापासून वाटतं, नाहीतर न उगवलेलं आणि खाल्लेलं यातला फरकच कळत नाही.

पुढच्या वर्षी पहिले सहा आठवडे विजेच्या तारेचं कुंपण घातलं आणि वाल टिकला. शेंगा मात्र आल्या नाहीत. वाल दिवस लहान झाल्यावर फुलतो, आणि आमच्याकडे तोवर कडाक्याची थंडी येऊन पानं काळी पडतात. बाबांना त्याचं फार वाईट वाटलं. हरणांना पानंच हवी होती.

जॉर्जिया

काहीच न पेरण्याचा अनुभव चालेल का? हिवाळ्यात अर्धी पट्टी फक्त डिस्क (चकत्यांचा कुळव) फिरवून मोकळी सोडली. वसंतात रॅगवीड आणि पोकवीड ही तणं आपणहून उगवली, आणि हरणं पेरलेल्या भागाइतकीच तिथे दिसली. खर्च डिझेलचा. ओकची फळं गळायला लागली की तसंही महिनाभर पट्टीकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा घाबरून पुन्हा पेरू नका.

पश्चिम मिशिगन, सरोवरालगत

जॉर्जियाच्या दादांनी लिहिलेलं वाचून आज कुंपणाबाहेरची पट्टी न कापता ठेवली. आणि सांगलीच्या काकांना विचारायचंय: ताग आणि वाल एकाच ओळीत पेरले तर वेल तागावर चढेल का? बाबा फोनवर म्हणतात, चढेल, पण ताग दोन आठवडे आधी पेर.