पारंपरिक कपडे म्हणजे फॅशन नाही? लेकीच्या असाइनमेंटसाठी मदत हवीये

हर्णैकरीण
नमस्कार मंडळी. लेक पुण्यात फॅशन डिझाइन करतेय, दुसरं वर्ष. तिथे त्यांना सांगितलंय की फॅशन म्हणजे जी सतत बदलते ती, आणि ती पॅरिसची, बाकी सगळ्यांचे ते 'पारंपरिक वेश', पिढ्यानपिढ्या तसेच्या तसे. पोरीला काही ते पटलं नाही, सुट्टीत घरी आली ती थेट सासूबाईंची ट्रंक उघडून लुगडी काढून बसली, आई यात काय बदललंय सांग म्हणे. आता बंदरावर लिलावाला कोळणी येतात त्यांचं नेसणं माझ्या लहानपणीसारखं नाही एवढं मलाही दिसतं, पण ते लिहायचं कसं? शिवाय भारताबाहेरचं एक उदाहरण हवंय, युरोप-अमेरिका सोडून. सोमवारी सबमिशन आहे आणि इथे रेंज म्हणजे देवाची कृपा.

घावणे_चटणी
अहो बदलत कसं नाही! आमचे आजोबा परळला गिरणीत होते, गणपतीला यायचे तेव्हा आजीसाठी लुगडं ठरलेलं. आणि आजी आधी बघायची काय तर काठ. मागच्या वर्षीचे काठ निघाले की तोंड एवढंसं, कारण वाडीतल्या बाकीच्या चाकरमान्यांनी काय आणलंय ते आरतीला कळणारच ना. ८२ चा संप झाला, आजोबा कायमचे गावी आले आणि ते सगळं थांबलं. मग आईच्या पिढीत गोल साडी आली, नायलॉन आलं, धुवायला सोपं, वाळायला सोपं, पावसाळ्यात चार दिवस ओलं लुगडं दांडीवर लटकवून बघा म्हणजे कळेल का आलं ते.

बोटीवरचा
भारताबाहेरचं मी सांगतो. ३० वर्षं जहाजावर काढली, पूर्व आफ्रिकेतली मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम ही बंदरं पुष्कळदा झाली. तिकडे बायका कांगा वापरतात. सुती छापील कापड, चारही बाजूंनी काठ, जोडीनेच विकतात, एक कमरेला आणि एक डोक्याखांद्यावरून. मजा म्हणजे खालच्या काठाच्या वर एक ओळ छापलेली असते स्वाहिलीत, म्हणजे तिकडच्या भाषेत. म्हण, टोमणा, प्रेमाचं, काहीही. एक फार चालणारी ओळ सांगतो, 'नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्टू क्वा मानेनो याके', म्हणजे सिंहाच्या दातांना भिते, माणसाच्या बोलण्याला भीत नाही. (सिंबा म्हणजे सिंह, शब्द ऐकून मी उडालोच होतो.) आता शेजारणीशी वाजलं असेल तर ती नेसून तिच्या दारावरून जायचं, तोंड उघडायची गरजच नाही. नवीन छाप, नवीन ओळी सारख्या बाजारात येत असतात आणि कुठली जुनी झाली ते बायकांना बरोबर माहीत असतं.
आणि हे अनादी काळापासूनचं वगैरे अजिबात नाही हं. १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी आलेलं. त्याआधी गुलाम बायकांच्या अंगावर मेरिकानी असायचं, म्हणजे अमेरिकेहून येणारी कोरी मांजरपाट, नाहीतर काळपट निळी कानिकी. झांझिबारात १८९७ ला गुलामी कायद्याने गेली आणि त्या बायकांनी ते कपडे टाकून रंगीत कांगा घेतले. आता आम्ही गुलाम नाही हे कापडातून सांगितलं. याला फॅशन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? बरं छापून कुठून यायचे, तर बरेचसे भारतातून. आपल्या गुजरातेत जेतपूरला कांगा छापतात. पॅरिसचा संबंधच नाही.

कोकमआगळ
सगळं ठीक पण प्रत्येक बदल म्हणजे फॅशन नव्हे. आता ती इलॅस्टिकवाली शिवलेली नऊवारी निघालीय, पायजम्यासारखी चढवायची, गणपतीत नाचायला. ना निऱ्या, ना काष्टा. आमची आजी बघून म्हणाली, 'ह्यां काय लुगडां?' विषय संपला.

मांडवीपार
@कोकमआगळ आजीबाईंना नमस्कार, पण आजीच्या आजीने गोल साडीला हेच म्हटलं असणार 😄
गोव्यातलं एक सांगते. कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी, आखूड नेसायची, खांद्यावर गाठ. ती विणणंच जवळजवळ बंद पडलं होतं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती परत विणून घेतली आणि रॅम्पवर आणली. मला कौतुकच आहे, पण ज्या बायका ती नेसून शेतात राबल्या त्यांना कुणी फॅशनेबल म्हटलं नव्हतं, आणि तीच साडी मॉडेलच्या अंगावर गेली की लगेच फॅशन. तुमच्या लेकीला हा प्रश्न वर्गात विचारायला सांगा.

हर्णैकरीण
सगळ्यांचे खूप आभार, कांगा नक्की घेतोय, लेक तर ती सिंहाची ओळ घरभर म्हणत फिरतेय. आणि एक गंमत. ट्रंकेत तळाशी एक हिरवं लुगडं निघालं, घडी पण मोडलेली नाही. सासूबाईंना विचारलं, एवढं चांगलं होतं तर नेसलात का नाही कधी? तर म्हणाल्या, "अगो कशी नेसू, हे आणलं तोवर ते काठ गेले होते ना." लेकीने तेच पहिल्या पानावर टाकलंय. @बोटीवरचा काका, घरी एखादा कांगा असेल तर फोटो टाका ना, रविवारच्या आत.