वारसा यादीतल्या वाड्याला घराचा साधा विमा पुरतो का?

पेठकर
माझं मत, पुरत नाही. भारत गृह रक्षा या घराच्या साध्या विम्याच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम ठरते चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी, आणि एजंट दर लावतो आरसीसीचा. उद्या आग लागली तर वारसा समिती म्हणणार, होतं तसंच बांधा: सागवानी खांब, तुळया, कोरीव महिरप, चुन्याचा गिलावा. स्लॅबच्या भावात हे बसवून दाखवा. गंमत म्हणजे त्याच पॉलिसीत भिंतीवर टांगलेल्या चित्राचा विमा आधी ठरवलेल्या किमतीला काढता येतो, भिंतीचा नाही. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारखी चित्रं थेट भिंतीवरच असतील तर ती काय, विटामातीच्या भावात धरायची?

माडीवाला
म्हणून विमाच काढू नये? शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, बुधवारवाडा १८७९ मध्ये. लाकडी सांगाड्याला आग लागली की काय होतं ते पुणेकरांना नव्याने सांगायला नको. पैसे कमी मिळाले तरी निदान छप्पर चढतं.

ओली भिंत
दोघंही आगीवरच अडलात. पावसाळ्यात वाडे कसे पडतात ते बघा की. पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं टोक कुजतं आणि जुलैत एके रात्री कोपरा खाली येतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर लिहितो "झीज", की विषय संपला. पूर, वादळ, भूकंप पॉलिसीत आहेत, झीज आणि वाळवी नाही. त्यापेक्षा तेच पैसे कौलं चाळायला आणि वायरिंग बदलायला घाला.

पेठकर
वायरिंग तर बदलायचंच. पण १९६१ च्या पानशेतच्या पुरात कौलं चाळून कोणाचा वाडा वाचला असता?

सरेकर
मी इंग्लंडात असतो. इथे यादीतल्या घराचा विमा बाजारभावावर नाही, तर पूर्ववत उभारणीच्या खर्चावर काढतात. मूल्यांकनही जुन्या इमारतींची जाण असलेल्या सर्व्हेअरकडून करून घेतात. रक्कम कमी धरली असेल तर दाव्यात त्या प्रमाणात कपात होऊ शकते. पण पैसे मिळाले म्हणजे घर परत मिळालं असं नाही हो. आमच्याच सरे काउंटीतलं क्लॅंडन पार्क हे यादीतल्या पहिल्या श्रेणीचं जुनं मोठं घर २०१५ मध्ये जळालं. विमा होता. तरी ते सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये ठरवलं की दालनं पुन्हा तशीच उभारायची नाहीत, भाजलेल्या विटाच लोकांना दाखवायच्या. १९८९ मध्ये जळलेलं अपपार्क हे असंच जुनं घर मात्र त्याच ट्रस्टने पूर्ववत उभं केलं होतं.

बारा वारस
पॉलिसीवर सही कोण करणार ते आधी सांगा. प्रॉपर्टी कार्डावर निम्मी नावं कैलासवासी, भाडेकरूचं भाडं चहाच्या खर्चाइतकं. काही मालकांना तर वाडा पडलेलाच हवा असतो.

माडीवाला
सरेकर, ती कपात इथे नाही. भारत गृह रक्षामध्ये माहिती खरी दिली असेल तर विमा कमी रकमेचा आहे म्हणून दावा कापत नाहीत. अख्खा वाडा जळणं विरळा. एक माडी आणि जिना गेला, तर विम्याच्या रकमेच्या आत दुरुस्तीचा खर्च मिळतो. शिवाय आर्किटेक्टची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत, राडारोडा उचलायला २ टक्के. पेठकर आधीच निकाल लावून बसलेत.

पेठकर
कपातीचं मान्य. पण "माहिती खरी" इथेच घोडं अडतं ना! लाकडी सांगाडा, मातीच्या भिंती, यादीतली श्रेणी, खाली किराणा दुकान, यातलं एजंट फॉर्मवर काय लिहितो? दुकान तर घराच्या पॉलिसीत बसतच नाही, त्याला वेगळी घ्यावी लागते. माझं म्हणणं, आधी आर्किटेक्टकडून सागवान-चुन्याच्या दराने अंदाजपत्रक करून घ्या आणि फॉर्मला जोडा. कंपनीला नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणू दे.

माडीवाला
हे पटलं. आमच्या मावसभावाने तसंच केलं होतं. एका कंपनीने वाढीव दर धरला, दुसरीने फॉर्मच परत पाठवला. हप्ता वाढला, पण मोडून पडावं इतका नाही.

ओली भिंत
त्या अंदाजपत्रकाची फी किती झाली, तेही लिहा.