थंडरबर्ड : पत्रे काढून टाकूनही डिस्कवरची जागा मोकळी होत नाही, आणि या प्रकल्पाला मदत कशी करावी?

कोरापान यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या लहानशा संस्थेचा पत्रव्यवहार बऱ्याच वर्षांपासून थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधून चालतो. खाते पॉप पद्धतीचे, म्हणजे सर्व्हरवरची पत्रे संगणकावर उतरवून घेणारे, असल्यामुळे सर्व पत्रे एकाच संगणकावर साठत गेली आहेत आणि इनबॉक्सची फाइल आता नऊ गिगाबाइटांच्या पुढे गेली आहे. मोठ्या जोडफायली असलेली जुनी पत्रे मी निवडून काढली, कचरापेटीही रिकामी केली; तरीही फाइलचा आकार तसूभरही कमी झालेला नाही. शिवाय, समोर यादीत दिसणारे पत्र शोधपट्टीत मात्र सापडत नाही, असेही अधूनमधून घडते. एका सहकाऱ्याने प्रोफाइलमधल्या (थंडरबर्ड आपली पत्रे आणि सेटिंग्ज ठेवते त्या फोल्डरातल्या) काही फायली सरळ काढून टाकण्यास सुचवले आहे, पण त्यांतल्या नेमक्या कोणत्या काढायच्या हे स्पष्ट नसल्यामुळे मी अद्याप कशालाही हात लावलेला नाही.

दुसरा मुद्दा कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला. ज्या प्रोग्रॅममागे कंपनी नाही, त्याच्यावर संस्थेने किती काळ विसंबून राहावे, असे काही सदस्यांनी विचारले. माझे मत असे की, इतकी वर्षे फुकट वापरल्यावर आपणही काही द्यायला हवे. आमच्यात प्रोग्रॅमिंग जाणणारे कोणी नाही आणि रक्कमही बेताचीच देता येईल. अशा वेळी खरोखर उपयोगी पडेल असे काय करता येईल?

टाकदौत यांचे उत्तर

आधी फाइलविषयी. थंडरबर्ड एरवी एका फोल्डरमधली सर्व पत्रे ‘एमबॉक्स’ स्वरूपात एकाच लांबलचक मजकूर-फाइलीत, एकापुढे एक अशी लिहून ठेवते. तुम्ही पत्र काढून टाकता तेव्हा ते त्या फाइलीतून तत्काळ पुसले जात नाही, त्याच्यावर केवळ ‘रद्द’ अशी खूण होते. फाइलीची प्रत मजकूर-संपादकात उघडून पाहिलीत, तर अनेक पत्रांच्या माथ्याशी ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ आणि तिच्यापुढे चार अंक दिसतील. त्यांत ‘१’ म्हणजे वाचलेले आणि ‘८’ म्हणजे काढून टाकलेले; त्यामुळे ‘०००९’ असे लिहिलेले पत्र वाचून काढून टाकलेले असते, आणि तरीही ते जोडफायलीसकट तिथेच बसलेले असते. वहीतल्या ओळीवर काट मारली म्हणून पान काही हलके होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

यावरचा उपाय म्हणजे फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करणे. फोल्डरच्या नावावर माउसची उजवी कळ दाबली की तो पर्याय मिळतो. या क्रियेत शिल्लक पत्रांची नवी फाइल लिहिली जाते आणि मग जुनीची जागा ती घेते. म्हणून डिस्कवर निदान त्या फोल्डरएवढी जागा मोकळी असावी आणि काम चालू असताना संगणक बंद करू नये. तुमचे खाते पॉपचे आहे. सर्व्हरवर प्रती ठेवल्या नसतील, तर या फाइलीखेरीज त्या पत्रांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. त्यामुळे ‘हेल्प’ यादीतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचा पत्ता पाहून घ्या, थंडरबर्ड पूर्णपणे बंद करा, आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ते झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याविषयी. प्रोफाइलमधल्या ‘मेल’ फोल्डरात तुम्हाला जोड्या दिसतील : एक विस्तार (नावाच्या शेवटचा, ‘डॉट’पुढचा भाग) नसलेली ‘इनबॉक्स’ ही फाइल आणि दुसरी ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’. एमएसएफ ही केवळ सूची असते, ती काढली तरी थंडरबर्ड ती पुन्हा तयार करते. विस्तार नसलेली फाइल मात्र म्हणजे तुमची प्रत्यक्ष पत्रे. दोन्ही नावे सारखीच दिसतात आणि विंडोज विस्तार लपवत असेल तर आणखीच गोंधळ होतो, म्हणून हा सल्ला तोंडी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सूचीच दुरुस्त करायची असेल, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण आहे. फाइलींना हात न लावता तेच काम होते.

शोधपट्टीची अडचण वेगळी आहे. ती पट्टी ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ या स्वतंत्र डेटाबेसवर चालते. थंडरबर्ड बंद असताना ती एकच फाइल बाजूला काढली, की पुढच्या वेळी अनुक्रमणिका नव्याने बांधली जाते. एवढ्या पत्रव्यवहाराला त्यासाठी बराच वेळ लागेल आणि तोपर्यंत प्रोग्रॅम मंद वाटेल.

शाईपेन यांचे उत्तर

कार्यकारिणीच्या शंकेबाबत थोडी माहिती देतो, कारण ‘मागे कंपनी नाही’ हे विधान आता बरोबर नाही. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलाने, म्हणजे ती तयार करणाऱ्या संस्थेने, थंडरबर्डच्या विकासातून बरेचसे अंग काढून घेतले, आणि पुढची काही वर्षे हा प्रोग्रॅम मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर तगून राहिला. तुमच्या सदस्यांच्या मनात बहुधा तोच काळ असावा. जानेवारी २०२० मध्ये तो मोझिला फाउंडेशनच्याच मालकीच्या ‘एमझेडएलए टेक्नॉलॉजीज’ या कंपनीकडे आला. २०२२ मध्ये के-९ मेल हे अँड्रॉइडवरचे ॲप या प्रकल्पात सामील झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातूनच अँड्रॉइडसाठीचे थंडरबर्ड निघाले. प्रकल्प मावळतो आहे, असे या घटनाक्रमावरून तरी वाटत नाही.

खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून भागतो. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी थंडरबर्डला मिळत नाही, ती थंडरबर्डच्याच संकेतस्थळावरून द्यावी लागते. शिवाय एमझेडएलए ही नफ्यासाठी नोंदवलेली कंपनी असल्यामुळे तिला दिलेली रक्कम धर्मादाय देणगी म्हणून करसवलतीस पात्र ठरत नाही. तुमच्या हिशेबतपासनिसांना हे आधीच सांगून ठेवा.

वाचकमित्र यांचे उत्तर

पैशाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, टंचाई आहे ती नीट लिहिलेल्या तक्रारींची. ‘पत्रे नाहीशी झाली’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. आवृत्ती कोणती, खाते पॉप की आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवणारे), कोणत्या क्रमाने काय केल्यावर दोष दिसतो, आणि ‘ट्रबलशूट मोड’मध्ये, म्हणजे जोडलेली एक्स्टेन्शन्स बंद ठेवून, तो दिसतो की नाही, एवढे सांगितले तरी उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम होते. ट्रबलशूटिंगची माहिती सार्वजनिक ठिकाणी चिकटवताना मात्र खात्यांची नावे समाविष्ट करण्याच्या चौकटीत खूण नाही, याची खात्री करून घ्यावी. दोषांची नोंद बगझिला या मोझिलाच्या संकेतस्थळावर होते. तोच दोष तिथे आधी नोंदलेला असेल, तर नवी नोंद न करता जुन्या नोंदीत आपला तपशील जोडावा.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांना मोझिलाच्या मदत-संकेतस्थळावर इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात, आणि ‘पॉन्टून’ या व्यासपीठावर भाषांतरही करता येते. बीटा, म्हणजे चाचणीसाठीची, आवृत्ती वापरून पाहायची असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल ठेवा. नव्या आवृत्तीने उघडलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सहजासहजी स्वीकारत नाही. संस्थेच्या मुख्य संगणकावर हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

कोरापान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रोफाइलची प्रत घेऊन कॉम्पॅक्ट केल्यावर इनबॉक्स निम्म्याहून लहान झाला आणि नव्या अनुक्रमणिकेनंतर शोधही नीट चालतो आहे. देणगीचा विषय पुढच्या बैठकीत ठेवत आहे. आता एवढेच विचारायचे आहे, की इनबॉक्स पुन्हा असा फुगू नये म्हणून काय करावे?

टाकदौत

इनबॉक्समध्ये फक्त चालू काम ठेवा. पत्र निवडून ‘ए’ ही कळ दाबली, की ते अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या पत्रांच्या वेगळ्या फोल्डरात, जाते. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’खाली वर्षागणिक वेगळा फोल्डर करण्याचा पर्याय निवडता येतो. त्यामुळे एकच अवाढव्य फाइल तयार होत नाही, आणि जुन्या वर्षांच्या फायली बदलत नसल्याने त्यांचा बॅकअप एकदाच नीट घेतला तरी भागते. पत्रे हलवल्यावरही मूळ जागी ‘रद्द’ खुणेच्या प्रती उरतात, म्हणून त्यानंतर इनबॉक्स एकदा कॉम्पॅक्ट करायला विसरू नका.