गूगलच्या अपडेट्समुळे साइट्स सुधारल्या, की नुसती धावाधाव वाढली?

बाराखडी:
गूगलने नियम बदलला की एसईओवाले (साइट गूगलच्या निकालात वर आणून देणारे) त्यातून नवं कर्मकांड काढतात, वाचकाच्या पदरात मात्र फारसं काही पडत नाही, असं माझं मत. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा नावाचं अपडेट आलं, उथळ मजकुराच्या साइट्स आपटल्या. त्याचा अर्थ लावला गेला 'लेख लांब हवा', म्हणून साबुदाणा खिचडीच्या कृतीआधी आज उपवासाचं माहात्म्य वाचावं लागतं! एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन या अपडेटने विकतच्या लिंक्सना (साइट वर यावी म्हणून पैसे देऊन दुसऱ्या साइट्सवर लावून घेतलेल्या) दणका दिला, तर लिंक्स विकणारेच त्या काढून देण्याचे पैसे घेऊ लागले. एफएक्यू स्कीमाचंही (पानावरची प्रश्नोत्तरं गूगलला कळावीत म्हणून जोडलेला कोड) तेच. ऑगस्ट २०२३ पासून निकालात ती प्रश्नोत्तरं सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरतीच दिसू लागली, तरी पानोपानी ती चिकटवणं काही थांबलं नाही.

रेघोट्या:
पांडा-पेंग्विनचं पटलं, पण कोअर वेब व्हायटल्सला (पानाचा वेग आणि स्थिरता मोजणाऱ्या गूगलच्या निकषांना) त्याच माळेत ओवू नका. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, पान उघडताना मजकूर सरकण्याचा गुण ०.१ च्या आत असावा आणि टॅपला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हा आयएनपी निकष, मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या निकषाच्या जागी), हे सगळं वाचकाच्याच सोयीचं आहे.

मराठी साइटवर सरकणं बघा. मजकूर आधी फोनच्या फॉन्टमध्ये उमटतो, मग साइटचा स्वतःचा वेबफॉन्ट उतरतो. दोघांच्या मात्रा-उकारांना लागणारी जागा वेगळी, शब्दांची रुंदीही वेगळी. ओळी बदलतात, परिच्छेद खाली जातो आणि बोट जाहिरातीवर पडतं. उपाय: फॉन्ट वूफ२ या आटोपशीर फाइल-प्रकारात द्या, नेहमीचं एकच वजन (जाडी) प्रीलोड करा म्हणजे आधीच मागवून ठेवा, पर्यायी फॉन्टला साइझ-अ‍ॅडजस्ट आणि असेंट-ओव्हरराइड लावून त्याचं माप वेबफॉन्टशी जुळवा, जाहिरातीच्या चौकटीला मिन-हाइट (किमान उंची) द्या. फॉन्टची फाइल लहान करताना एक जपा. सुटी अक्षरं ठेवून जोडाक्षरांचे जीएसयूबी नियम (सुटी अक्षरं जोडून दाखवणारे) गाळले, तर 'क्ष' फुटून 'क्‌ष' दिसतो.

खडूस:
रेघोट्या, उपाय बरोबर, पण प्रत्यक्षात काय चालतं? लाइटहाउस या गूगलच्या चाचणीत १०० गुण आणून क्लायंटला स्क्रीनशॉट पाठवला की काम झालं! तो प्रयोगशाळेतला आकडा. गूगल धरतं क्रोम वापरणाऱ्यांच्या २८ दिवसांच्या भेटींचा, आणि त्यांपैकी ७५ टक्के भेटी मर्यादेत बसाव्या लागतात. आज दुरुस्ती केली तर सर्च कन्सोलचा (साइटमालकांसाठी गूगलचं अहवालाचं साधन) आलेख उद्या हलणार नाही, धीर धरा. आणि वेग वाढवायला म्हणून प्लगइनने सगळ्याच चित्रांना लेझी लोडिंग (चित्र दिसायची वेळ आली की मगच उतरवणं) लावलं असेल, तर सगळ्यात वरचं मोठं चित्रच उशिरा येतं. त्याला लेझीतून वगळा आणि ते आधी उतरावं म्हणून फेचप्रायॉरिटी हाय द्या.

बाराखडी:
म्हणजे माझंच म्हणणं आलं की! निकष चांगला, पण बाजारात विकला जातो तो गुणांचा कागद.

रेघोट्या:
कागद विकणाऱ्याचा दोष निकषाच्या माथी कशाला? पेंग्विनचंच बघा ना. सप्टेंबर २०१६ पासून तो वाईट लिंक्समुळे अख्ख्या साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंक्सचं वजनच काढून घेतो. मॅन्युअल अ‍ॅक्शन (गूगलच्या माणसांनी लावलेली शिक्षा) आलेली नसेल किंवा विकतच्या लिंक्समुळे ती येण्याची भीती नसेल, तर डिसअव्हाउ फाइलला (या लिंक्स धरू नका असं गूगलला कळवणाऱ्या यादीला) हात लावायची गरज बहुतेकांना नाही. तरी दरमहा 'विषारी लिंक्स सफाई'चं बिल भरणारे आहेतच.

खडूस:
सफाईवरून आठवलं. टॅगची रिकामी पानं गूगलच्या यादीतून काढायला लोक नोइंडेक्स (यादीत घेऊ नका अशी पानातली खूण) लावतात आणि त्याच पानांना रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (कोणती पानं उघडू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) बंदीही घालतात. बंदी असल्यावर गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचणारा प्रोग्राम) पान उघडतच नाही, मग त्यातला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? पान यादीत राहतं ते राहतंच. आधी बंदी उठवा, पानं यादीतून गळेपर्यंत थांबा, वाटलं तर मग बंदी घाला.