‘मी होणारच’ असं रोज म्हणून खरंच काही होतं का?

पेठेतली

माझ्या टेबलासमोर तीन वर्षं एक पिवळी चिठ्ठी होती. ‘मी उपजिल्हाधिकारी होणारच.’ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, दर दोन टेबलांमागे अशी एक असतेच. एका दोन दिवसांच्या शिबिराला मी चार हजार रुपये भरले होते. तिथे सांगितलं, उठल्यावर दहा वेळा, झोपताना दहा वेळा मोठ्याने म्हणा, शंका आणू नका. मी नेमाने म्हटलं.

दोनदा राज्यसेवेची पूर्वपरीक्षासुद्धा निघाली नाही. दुसरा निकाल लागला त्या रात्री सवयीने वाक्य म्हणायला गेले आणि आतून आलं, ‘खोटं बोलतेस.’ चिठ्ठी काढून टाकली.

माझं मत असं की या वाक्यांनी बळ येत नाही, आपण अजून कुठे पोचलेलो नाही याचीच रोज आठवण होते. मला उपयोग झाला तो वेगळ्या बोलण्याचा. सी-सॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या उतारे आणि बुद्धिमापनाच्या पेपरला, दोन तासांत ८० प्रश्न, आणि बहुतेक प्रश्नांत उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. माझा घोटाळा ठरलेला. एका उताऱ्यात अडकायचं, घड्याळ बघायचं, तळहात ओले व्हायचे आणि पुढचे तीन उतारे वाचूनही डोक्यात काही शिरायचं नाही. आता सराव पेपरला मनात म्हणते, ‘आधी प्रश्न वाच. मग उतारा. नाही सुटला, खूण कर, पुढे जा.’ मी कोण होणार याबद्दल यात एक शब्द नाही. पण तळहात कोरडे राहतात.

पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

बांधावरून

नाही पटलं. तुला घरच्यांनी पुण्याला पाठवलं, म्हणजे तू होशील असं निदान एका माणसाला तरी वाटतंय. आमच्याकडे बारावी झाली की स्थळं बघायला सुरुवात. मी पोलीस भरतीचं नाव काढलं तेव्हा चुलते म्हणाले, “पळून पळून कुठं जाणार?” ज्वारी काढताना मी एका ओळीला एकदा म्हणायचे, ‘मी पोलीस होणार.’ ओळ संपली की नवीन ओळीला परत. आजूबाजूला कुणी नसायचं म्हणून म्हणता यायचं.

पहिल्या भरतीत गोळा चांगला गेला, पण ८०० मीटरला कमी पडले. यादीत नाव नाही. दुसऱ्या भरतीत लागले. तू ज्याला खोटं म्हणतेस, ते माझ्याबद्दल कुणी बोललेलं एकुलतं एक चांगलं वाक्य होतं. ते काढून घेतलं असतं तर डोक्यात फक्त चुलत्यांचं वाक्य उरलं असतं.

समुपदेशक, नाशिक

मी पेठेतलींच्या बाजूने. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांचं २००९ मधलं संशोधन आहे. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना म्हटल्यानंतर जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना गरज आहे म्हणून ही वाक्यं विकली जातात, नेमका त्यांनाच त्रास.

माझा खरा आक्षेप ‘होणारच’मधल्या ‘च’ला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. तिच्यात इच्छा आणि हट्ट वेगळे धरतात. ‘मला अधिकारी व्हायचंय आणि मी त्यासाठी झटेन’ ही इच्छा. ‘झालंच पाहिजे, नाही झाले तर मी कुचकामी’ हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर मुलं रडतात, चार दिवसांनी परत पुस्तक उघडतात. हट्ट धरलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा आठ-आठ दिवस नीट जेवलेली नसतात. बांधावरून, तुमच्या वाक्यात ‘च’ नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

मल्लखांबवाला

माझ्या मुलांनाही मी छोट्या सूचनाच शिकवतो. अढी, म्हणजे मांड्यांनी खांबाला पकड, मारताना ‘मी सर्वोत्तम’ म्हणणारा पोरगा खाली येतो. ‘मांडी घट्ट, मान वर’ म्हणणारा टिकतो. बारीक कौशल्याच्या कामात अशा सूचना जास्त उपयोगी पडतात असं खेळाडूंवरच्या अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यातही २०११ मध्ये दिसलं होतं.

देहूकर

संशोधनावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण रोज म्हणण्याला इतकं हलकं लेखू नका. रोज म्हटलेली गोष्ट पहिल्या दिवशी खरी नसतेच. नाम घेणारा पहिल्याच दिवशी भक्त झालेला नसतो. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि ते सगळं मनाशीच बोलणं आहे. बायपासनंतर घरचा जिना चढताना मी पायरीगणिक ‘बरा होतोय’ म्हणत होतो. तेव्हा मी बरा नव्हतो. सातव्या पायरीवर बसावं लागायचं. म्हणणं सोडलं नाही.

पेठेतली

काका, तुम्ही जिना चढलात हे वाचून फार बरं वाटलं. पण मनाच्या श्लोकांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. शाळेत रोज म्हणायचो, अजून पाठ आहेत. समर्थ मनाला हाक मारतात आणि कामाला लावतात. हे कर, ते सोड, इकडे चल. ‘मी अमुक होणारच’ अशी घोषणा ते मनाकडून करून घेत नाहीत.

देहूकर

बाळ, दुसरा श्लोक परत म्हण. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें, तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावें.’ पहिल्या चरणात वाट सांगितली, दुसऱ्यात फळही सांगितलं. फळाचा शब्दच काढलास तर वाटेला लागणार कोण?

समुपदेशक, नाशिक

देहूकर, हा श्लोक तुम्ही आणलात म्हणून एक गोष्ट दिसली. इथेही ‘च’ आहे, ‘भक्तिपंथेचि’. पण तो वाटेला लावलाय. फळ ‘स्वभावें’, म्हणजे आपसूक मिळेल असं म्हटलंय. ‘मी रोज दोन उतारे सोडवणारच’ याला माझी काहीच हरकत नाही, कारण ते त्या मुलीच्या हातात आहे. जागा किती निघणार, कटऑफ किती लागणार, हे तिच्या हातात नाही.

पेठेतली

हे मला आजवर कुणी असं दाखवलं नव्हतं. ताई, तुमच्या ८०० मीटरचं विचारू का? शेवटच्या फेरीला तुम्ही मनात काय म्हणत होतात? ‘मी पोलीस होणार’ हेच?

बांधावरून

नाही. खरं सांगते, तेव्हा ते आठवलंही नाही. पहिल्या भरतीत सुरुवातीलाच जोरात सुटले होते आणि शेवटी पाय उचलेनात. म्हणून दुसऱ्या वेळी मी मलाच नावाने हाक मारून म्हणत होते, ‘हात हलव, हात हलव, पुढच्या पोरीची पाठ सोडू नको.’

म्हणजे पळताना तुझंच बरोबर. पण मैदानापर्यंत मला कुणी आणलं? पहाटे चार वाजता अंधारात बूट घालताना ‘हात हलव’ म्हणून कुणी उठत नाही गं. तेव्हा ज्वारीतलंच वाक्य लागायचं. ‘च’ नको तर नको, पण वाक्य मी सोडणार नाही, आणि माझ्यासारख्या पोरींना सोडा म्हणून सांगणारही नाही. त्यांना शिबिराचे चार हजार मागणाऱ्यांचा मलाही रागच आहे.

एक विचारू? आतून ‘खोटं बोलतेस’ आलं त्या रात्री, तू त्याला काय उत्तर दिलंस?

पेठेतली

काहीच नाही, ताई. दिवा घालवला. झोप लागली नाही. सकाळी साडेपाचला अभ्यासिकेच्या पायरीवर जाऊन बसले, तिथले काका कुलूप उघडायला सहाला येतात. तेव्हा मनात कुठलंच वाक्य नव्हतं. मागच्या वर्षीचा सी-सॅटचा पेपर बरोबर होता, जिन्यातल्या दिव्याखाली पहिला उतारा सोडवला. पाचपैकी तीन बरोबर आले.